आधी अभिनंदन, मग परीक्षा

मी परीक्षेला बसणार हे ज्या दिवशी गल्लीला कळलं, त्याच दिवशी मी पास झाले. परीक्षा अजून व्हायची होती. पण ही गोष्ट फारशी कुणाला महत्त्वाची वाटली नाही.

परीक्षा होती भाषांतराच्या एम.ए.च्या प्रवेशाची. पेपर इंग्रजीचा. पदवी असलेल्या कुणालाही बसता येत होतं. थोडं व्याकरण, थोडं वाचन, आणि खरी परीक्षा दोन उताऱ्यांची: एक इंग्रजीतून मराठीत आणायचा, एक मराठीतून इंग्रजीत न्यायचा. जागा मोजक्याच. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हाच एम.ए. करायचं ठरवलं होतं, पण मी कॉलेजात अर्ज आणायला गेले आणि घरी पाहुणे मला बघायला आले. अर्जाआधी पाहुण्यांचा होकार आला. मला त्याचं फार दुःख झालं असंही नाही. आमच्याकडे लग्नघरात दुःखाला बसायला जागा नसते, तिथं आचाऱ्याची भांडी असतात.

लग्नानंतर मी घरी बसून भाषांतराची कामं करायची. एका कंपनीच्या ॲपवरचे निरोप मी मराठीत आणले. 'आपले पार्सल मार्गस्थ झाले आहे', 'क्षमस्व, काहीतरी चुकले', 'कृपया पुन्हा प्रयत्न करा' हे सगळं माझं लेखन. महाराष्ट्राला इतक्या वेळा क्षमस्व म्हणणारी दुसरी बाई झाली नसेल. मग हे काम यंत्र करायला लागलं. आधी कंपनी यंत्राचं मराठी माझ्याकडे दुरुस्तीला पाठवायची. मग तेही बंद झालं. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. काम गेलं म्हणून नाही, तर हे काम मला कधी येत होतं का, असा प्रश्न पडला म्हणून. ज्याला यातलं कळतं अशा कुणीतरी माझं लिखाण तपासावं आणि 'या आत' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ती जागा मला फार हवी होती. इतकी, की मी कुणाला सांगतही नव्हते.

पण आमच्या घरात न सांगता काही राहत नाही, कारण आमचं घर मोठ्यानं बोलतं. आम्ही कळंब्याला राहतो. बाहेरगावी कळंबा म्हटलं की लोक हमखास विचारतात, "आत का बाहेर?" कारण जेलही इथंच आहे. आम्ही बाहेर, तलावाच्या अंगाला. माझे यजमान शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहेत. दिवसभर भट्टीशेजारी ओरडून बोलायची सवय, त्यामुळे घरी येऊन मीठ मागितलं तरी ते तलावाच्या पलीकडच्या काठावर ऐकू जातं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांचं आयुष्य म्हशींना हाका मारण्यात गेलं, आणि माणसांसाठी वेगळा आवाज ठेवायची त्यांना कधी गरज वाटली नाही. राहिल्या सासूबाई, म्हणजे आत्ती. आत्ती बोलतच नाहीत म्हटलं तरी चालेल. धार, शेण, वैरण, स्वयंपाक हे सगळं त्यांचं तोंड मिटून चालतं. फार फार आनंद झाला तर त्या म्हणतात, "बरं हाय." माझ्या लग्नातलं जेवण बरं हाय होतं, नात झाली तेव्हा ती बरी हाय होती. त्याच्या वरची पायरी त्यांच्याकडे मी पाहिलेली नाही.

मी जेवताना परीक्षेचं सांगितलं, तेव्हा यजमान गरजले, "बस की! कोण अडवालंय?" मामा म्हणाले, "बसच पोरी. त्यो ढोराचा डॉक्टर आला की नुसतं इंग्रजी फाडतोय. आपल्या घरात बी कोनतरी पायजेच त्येची जिरवाय." आत्ती म्हणाल्या, "कर." आणि ताट घेऊन उठल्या. एका शब्दाचा अर्थ लावत बसणं हा माझा धंदाच. मी रात्रीपर्यंत लावला. लागला नाही.

तयारीसाठी मी शहरात एका सरांकडे जायला लागले. सर कॉलेजातून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, बिनदुधाचा चहा पिणारे. कोल्हापुरात राहून बिनदुधाचा चहा पिणारा माणूस, यावरूनच त्यांची विद्वत्ता कळावी. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक इंग्रजी उतारा दिला. त्यात एक म्हातारा इंग्रज आहे. त्याचा जिवलग मित्र कित्येक वर्षांनी परदेशाहून परततो आणि दारात उभा राहतो. म्हातारा त्याच्याकडे बघतो, आलास तर, असं काहीतरी म्हणतो आणि चहा आहे म्हणून सांगतो. बस्स. मी घरी जाऊन झकास भाषांतर करून आणलं.

सरांनी ते वाचलं, चष्मा काढला, आणि विचारलं, "बाई, हा माणूस ओरडतोय का?"

"नाही सर. आनंद झालाय त्याला."

"तुम्ही लिहिलंय, 'अरे! आलास काय! ये, ये, ये, बस आधी! चहा टाकायला सांगतो!' ह्या पानावरची उद्गारचिन्हं वेचली तर कुंपण होईल. मूळ इंग्रज जागचा हललासुद्धा नाही. तुमचा इंग्रज मला हाताला धरून ताटावर बसवतोय."

"सर, इतक्या वर्षांनी मित्र आलाय आणि नुसता चहा आहे म्हणायचं? आमच्याकडे असं कुणी बोललं तर पाहुणा तसाच माघारी जाईल."

"तेच तर आणायचंय ना मराठीत! न बोलता केलेलं प्रेम. गप्प माणूस लिहा."

"आमच्याकडे गप्प माणूस म्हणजे आजारी माणूस, सर."

सर हसले नाहीत. "ह्या परीक्षेत तुम्हाला इंग्रजी येतं की नाही हे फार कुणी बघणार नाही," ते म्हणाले. "ते सगळ्यांनाच येतं. माणूस आहे तेवढ्याच आवाजात पलीकडे पोचतो का, हे बघतील. तुमची सगळी माणसं ओरडत पोचतात." मला राग आला. पण घरी येताना बसमध्ये मी आजूबाजूचं ऐकलं, तर सर खोटं बोलत नव्हते. दोन बाया एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या आणि ड्रायव्हरलाही कळेल अशा आवाजात गुपित सांगत होत्या.

मी तो उतारा पुन्हा केला. पुन्हा केला. इंग्रज काही गप्प बसेना.

अशात प्रवेशपत्र आलं. ते छापून घ्यायला मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात गेले. हे दुकान आमच्या तरुण मंडळाच्या अध्यक्षांचं. तिथं झेरॉक्स निघतात, पण खरा धंदा डिजिटलचा. चौकात जे वाढदिवसाचे आणि अभिनंदनाचे मोठमोठे बोर्ड लागतात, त्यांना आमच्याकडे डिजिटल म्हणतात. मागच्या गल्लीतला एक मुलगा पोलिसात भरती झाला होता, आणि त्यांच्या मंडळानं त्याचा असा डिजिटल लावला होता की वरची नारळाची झावळी कापावी लागली. तेव्हापासून आमचे अध्यक्ष बेचैन होते. आपल्या गल्लीत कुणी काही होईना. माझं प्रवेशपत्र संगणकावर उघडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो मी संगणकाचा समजले.

"वैनी, फोटो झ्याक आलाय," एवढंच ते म्हणाले. प्रवेशपत्रावरच्या फोटोत मी नुकतीच पकडली गेल्यासारखी दिसत होते.

संध्याकाळी तो फोटो गल्लीच्या तोंडाशी, म्हशीएवढा होऊन लागलेला होता. शेजारी कारण नसताना एक वाघ. खाली मंडळाच्या सगळ्या सभासदांचे गॉगल लावलेले फोटो. आणि मध्ये लाल-पिवळ्या अक्षरांत: आमच्या भागाची शान, सौ. अमुक तमुक यांची इंग्रजी भाषांतरकारपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक हार्दिक अभिनंदन!

मी तशीच दुकानात गेले. "अहो, परीक्षा व्हायचीय अजून!"

"मग द्या की वैनी," अध्यक्ष म्हणाले. "आमी कुठं नको म्हटलंय?"

"पण निवड झाल्याबद्दल लिहिलंय तुम्ही!"

"हुनारच की. न्हाय हुनार काय?" मग त्यांनी मला समजावून सांगितलं. "हे बगा, मतमोजणीच्या आदल्या दिवशी उमेदवार विजयी झाल्याचा बोर्ड आमीच छापतोय. दोन्ही पार्ट्यांचा छापतोय. एक तर खरा हुतोयच की."

"अहो, इथं मी एकटीच आहे!"

"म्हंजे बिनविरोधच की वैनी!"

बोर्ड उतरवा म्हटलं, तर ते गंभीर झाले. आता उतरवला तर मागची गल्ली म्हणेल, बाई नापास झाली. मग तुमची नाही, मंडळाची अब्रू जाईल. शेवटी तडजोड झाली. अध्यक्षांनी 'भावी' असा शब्द छापून, शिडी लावून, स्वतः माझ्या नावाआधी चिकटवला. तो नेमका 'सौ.'च्या आधी बसला. रात्री फाउंड्रीतून येताना यजमानांनी गाडी थांबवून बोर्ड वाचला आणि घरात येऊन विचारलं, "भावी सौ. म्हंजे? मग मी कोन?"

मामा मात्र खुलले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डेअरीत दूध घालायला गेले ते रिकाम्या किटलीबरोबर पेढ्यांचे पुडे घेऊनच परतले. डेअरीत वाटले, गल्लीत वाटले, जेलच्या बाजूला राहणाऱ्या एका मित्राला नेऊन दिले. मी मागून "मामा, अजून नाही, मामा, अजून नाही" म्हणत फिरत होते. त्यांना तो विनय वाटला. शेवटी त्यांनी गोठ्यात जाऊन आत्तींपुढे पुडा धरला.

आत्तींनी पेढ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "व्यायच्या आधी खरवस वाटत न्हाईत," त्या म्हणाल्या.

"अगं, सुनंचा पेढा हाय! घे एक."

"नको."

मला ते लागलं. चांगलंच लागलं. सगळी गल्ली तोंड गोड करून बसली होती; ज्यांना भाषांतर म्हणजे काय हे माहीत नव्हतं त्यांनीही दोन-दोन खाल्ले होते. आणि घरातल्या बाईला एक पेढा जड झाला. मी नापास होणार याची यांना खात्रीच आहे, असं माझ्या मनानं घेतलं. त्यांचा 'कर'ही मला आता आठवला आणि त्याचा अर्थ एकदाचा लागला, असं वाटलं: कर, बघू किती दिवस करतीस.

त्यानंतर अभ्यासाचे धिंडवडे निघाले. बोर्डावर 'पदी' लिहिलेलं असल्यामुळे मला सरकारी नोकरी लागली असा लोकांचा समज झाला होता. कुणी बायोडाटा घेऊन यायचं, कुणी नुसतंच बघायला यायचं. महिला बचत गटानं माझा सत्कार ठेवला. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. फेटा इतका घट्ट होता की भाषणात मी काय बोलले ते मला ऐकूच आलं नाही. "यशाचं रहस्य काय?" असं एकीनं विचारलं. मी म्हटलं, "अजून कळलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गर्दीत आत्तींना शोधत होते. त्या आल्या नव्हत्या. त्या वेळी धार असते, हे मला माहीत होतं. तरी शोधत होते.

एकदा गगनबावड्याहून पावणं आले, मामांच्या लांबच्या नात्यातले. तिकडच्या पावसात भिजून, बोर्डाची बातमी ऐकून आलेले. त्यांनी घाटमाथ्यावर पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांना इंग्रजीत पाटी हवी होती. मजकूर त्यांनी तोंडी सांगितला: "पिऊन दंगा केला तर सामानासकट पावसात काडनार." मी म्हटलं, इंग्रजीत असं लिहीत नाहीत; आणि सरांची शिकवण आठवून मी सौम्य, घरंदाज इंग्रजीत तीन ओळी लिहून दिल्या. पावण्यांनी त्याचा मराठीत अर्थ विचारला. मी सांगितला: इतर पाहुण्यांच्या विश्रांतीचा कृपया विचार करावा, ही नम्र विनंती.

पावणं उभेच राहिले. "विनंती? कुनी कुनाला?"

"तुम्ही, पर्यटकांना."

"आनि पावसात काडायचं कुठं गेलं?"

"ते त्या 'कृपया'च्या आत आहे."

"आत कशाला ठिवलंय? भाईर काड की!" मामाही त्यांच्याच बाजूनं पडले. शेवटी मी पावसाची ओळ मोठ्या अक्षरात घातली आणि पावणं समाधानानं जेवून गेले. सरांना हे सांगितलं नाही.

पेपर जवळ आला. येता-जाता तो बोर्ड. वाघ आणि मी. भाजी आणायला निघालं तरी अभिनंदन, लेकीला शाळेत सोडायला गेलं तरी अभिनंदन. इतके दिवस ही इच्छा माझी एकटीची होती. आता नापास झाले तर मामांना डेअरीत तोंड दाखवता येणार नव्हतं आणि मागची गल्ली नारळ फोडणार होती. मी आतल्या खोलीत दार लावून बसायला लागले. एका दुपारी कुणी बाई मला भेटायला आली. दारात आत्ती होत्या. मला आतून स्पष्ट ऐकू आलं. "न्हाई घरात," आत्ती म्हणाल्या. "भाईर गेलीया." ती बाई म्हणाली, चपला तर दिसालीत. आत्ती म्हणाल्या, "दुसऱ्या घालून गेलीया." मी पुस्तक हातात धरून बसून राहिले. आपली सून लोकांना दाखवायचीही यांना लाज वाटते, असं मनात आलं आणि माझे डोळे भरून आले. त्या दिवसानंतर येणारं-जाणारं बंद झालं, आणि माझा अभ्यास सुरळीत झाला. या दोन गोष्टी मी एकमेकींना जोडल्या नाहीत. शिकलेल्या माणसाचं डोकं कधी कधी असंच चालतं.

त्याच सुमारास आमची एक म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते. संध्याकाळी मी गोठ्यात वैरण टाकायला गेले, तेव्हा शेजारच्या काकू कुंपणावरून विचारत होत्या, "कवा व्यायची गं? रेडी हुईल का रेडा? खरवस दे हं मला पयला!" आत्तींनी वर न बघता सांगितलं, "बघू." काकू गेल्या. आत्तींनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो काढलाच नाही. तिची जागा त्यांनी कोरड्या कोपऱ्यात हलवली होती. सरकी पेंड तिला जास्त पडत होती. पहाटे सगळ्यात आधी त्या तिच्याकडे जात. आणि तिच्याविषयी विचारलं की फक्त 'बघू'.

मी वैरण तिथंच टाकली, आत आले आणि उतारा काढला. म्हातारा इंग्रज दारात मित्राला बघतो. मी त्याला लुगडं नेसवलं, गोठ्यात उभं केलं आणि ऐकलं. मग लिहिलं: "आलास. चहा आहे."

सरांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "हा कोण?"

"आमच्या सासूबाई, सर."

"ह्यांनाच घेऊन जा परीक्षेला," सर म्हणाले. आणि त्या दिवशी त्यांनी मला दुधाचा चहा करायला सांगितला.

परीक्षेच्या सकाळी यजमानांनी गाडी काढली. मामांनी अंगणातून सगळ्या कळंब्याला कळेल असं सांगितलं, "चितपट करूनच ये!" आत्तींनी डबा दिला. दोन भाकऱ्या, चटणी. भाईरचं काय खाऊ नको, पोट बिघडंल, एवढंच बोलल्या. त्यांच्या मानानं ते भाषणच होतं. गल्लीच्या तोंडाशी मी वर बघितलं. वाऱ्यानं 'भावी' उडून गेलं होतं. मी निवडली गेलेली बाई होते, परीक्षेला निघालेली.

पेपरात मराठी उतारा निघाला तो एका सत्काराच्या भाषणाचा. त्यातली सगळी विशेषणं मी फेट्याखाली बसून अंगावर झेललेली होती. ती इंग्रजीत न्यायला मला काही वाटलं नाही. इंग्रजी उताऱ्यात समुद्राकाठची एक म्हातारी होती. तिचा मुलगा कर्ज न काढता, स्वतःच्या हातांनी पहिली होडी बांधतो आणि आईला दाखवायला नेतो. ती होडीभोवती एक फेरी मारते, लाकडावर हात ठेवते आणि जे बोलते त्याचा शब्दशः अर्थ 'चालेल' असा होतो. शेजारचा मुलगा भराभर लिहीत होता. मी पेन खाली ठेवलं. ती म्हातारी कोण, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी लिहिलं, "बरं आहे," ती म्हणाली. आणि ते लिहिताना मला पहिल्यांदाच वाटलं, की त्या म्हातारीला होडी फार आवडली असणार. मग मात्र आत्तींचा 'कर' आठवून मी स्वतःशी चपापले. पण वेळ कमी होता, पुढचं वाक्य बोलावत होतं.

निकालाला वेळ लागला. मधल्या काळात म्हैस व्याली, रेडी झाली. आत्तींनी गल्लीत घरोघर खरवस पाठवला, कुंपणापलीकडे सगळ्यात आधी. चौकात कुणाचा तरी वाढदिवस आला आणि माझा डिजिटल उतरला. चांगलं जाड कापड वाया कशाला घालवायचं म्हणून मामांनी तो मागून आणला आणि गोठ्याच्या गळक्या कोपऱ्यावर, वैरणीच्या वर बांधला. तो आडवा बांधला गेल्यामुळे वाघ वरच्या बाजूला आला आणि मी कानावर निजल्यासारखी म्हशींकडे बघत राहिले. नवी रेडी माझ्या 'हार्दिक'ची कड चघळायची.

माझ्या त्या आडव्या चेहऱ्याच्या खाली मी शेण भरत होते, तेव्हा फोनवर निरोप आला. यादी लागली होती. मी हात पाटीला पुसले, यादी वरून खाली बघत गेले, आणि माझं नाव अगदी तळाशी होतं, पण प्रतीक्षायादीच्या रेघेच्या वर. मी पुन्हा बघितलं. मग बाहेर येऊन यजमानांना फोन लावला.

"अहो, निवड झाली माझी!"

मागं भट्टी धडधडत होती. "ती झालती की मागंच!" ते ओरडले. "आता काय झालं?"

"आता खरी झाली!"

"बरं बरं, घरी आल्यावर बोलू!"

मामा अंगणात तंबाखू मळत होते. "झाली न्हवं? आमाला ठावंच हुतं," ते म्हणाले आणि तंबाखूची फक्की मारली. पेढ्यांचा विषय त्यांनी काढला नाही. लोकांना एकाच सुनेचे दोनदा पेढे कसे द्यायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न मला दिसत होता. मी दुकानापर्यंत गेले. अध्यक्षांना आनंद झाला, पण ते अडचणीत आले. "वैनी, परत बोर्ड लावला तर लोक म्हनतील, पयल्यांदा काय खोटं छापलं हुतं काय? मंडळाचं नाव जातंय." वाटेत एका बाईला मी आपण होऊन सांगितलं. ती म्हणाली, "अगं, जुनं झालं की ते! म्हशीला काय झालं मग, रेडी?"

मी परत गोठ्यात आले. रडू येत होतं आणि हसूही येत होतं. जे मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि सांगायला कुणी उरलं नव्हतं. सगळ्या गल्लीचा आनंद आधीच खर्च होऊन गेला होता.

आत्ती धारेला बसल्या होत्या. त्यांना सांगावं का नको, असं करत मी खांबाला टेकून उभी राहिले. शेवटी म्हटलं, "आत्ती, निकाल लागला. झाली निवड."

चरवीतला आवाज थांबला. आत्ती धार मध्येच कधी सोडत नाहीत. म्हैस पान्हा चोरते. पण थांबल्या.

"कागद आला?"

"यादी लागलीय. नाव आहे."

"तुझंच?"

"माझंच."

त्यांनी चरवी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि उठून माझ्यासमोर आल्या. माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी ओळखला. गाभण म्हशीवर ठेवायच्या तसाच होता, आणि तसाच कितीतरी वेळ त्यांनी काढला नाही.

"जा, पेढं आन," त्या म्हणाल्या.

"आत्ती, आता कुणाला वाटायचे? सगळ्यांनी खाऊन झालेत."

"त्यांचं झालं," आत्ती म्हणाल्या. "माझा ऱ्हायलाय."